गाणं अडखळतंय म्हणून रॅम डिस्क? आधी ‘टक्’ कुठून येतो ते पाहू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी, त्यावर लिनक्स मिंट २२. शास्त्रीय संगीताचा सगळा संग्रह २ टीबीच्या यूएसबी हार्ड डिस्कवर, फ्लॅक (दर्जा न घालवता दाबलेल्या) फाइल्समध्ये. यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल आवाज कानाला ऐकू येईल अशा सिग्नलमध्ये बदलणारी डबी, लावून ऐकताना अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो, क्वचित गाणं सेकंदभर थांबून पुढे जातं. कुणीतरी सुचवलं की रॅम डिस्क करा, म्हणजे रॅमचाच एक भाग डिस्कसारखा वापरा, गाणी तिच्यात टाका, म्हणजे त्रासही जाईल आणि आवाजही ‘खुलेल’. तर ती करायची कशी?

कशी करायची ते सांगतेच, पाच मिनिटांचं काम आहे. पण तुम्ही एका प्रश्नात तीन तक्रारी एकत्र बांधल्या आहेत. टक् ही एक, सेकंदभराची खोट ही दुसरी आणि आवाज खुलणं ही तिसरी. तिन्हींची कारणं वेगळी असतात आणि रॅम डिस्क हे त्यातल्या फक्त मधल्या तक्रारीवरचं औषध आहे, तेही काही परिस्थितींतच.

मी नाटकांचं ध्वनिसंकलन करते आणि प्रयोगाला ऑपरेटर म्हणूनही बसते. गेली कित्येक वर्षं हे सगळं लिनक्सच्याच लॅपटॉपवर चाललंय. नाटकात क्यू (नेमक्या क्षणी वाजवायचा ध्वनी) चुकला तर तो पाचशे माणसांसमोर चुकतो, त्यामुळे या विषयावर माझी झोप थोडी जास्तच उडालेली आहे. (खाली आज्ञांची नावं उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

आधी हिशेब करू. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल. गुणाकार केला की सेकंदाला १,७६,४०० बाइट्स होतात. फ्लॅकमध्ये ते साधारण निम्म्यावर येतं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग असलं तरी न दाबलेला डेटा सेकंदाला ५,७६,००० बाइट्स, म्हणजे अर्ध्या एमबीहून थोडा जास्त. आता तुमची डिस्क कितीही जुनी असू द्या, यूएसबी २.० वरसुद्धा ती सेकंदाला ३० एमबीच्या आसपास सहज देते. सीडीच्या आवाजाला लागतं त्याच्या दीडशेपटीहून जास्त. त्यामुळे ‘डिस्क हळू आहे म्हणून गाणं तुटतं’ हे गणितातच बसत नाही.

मग तुटतं का? प्रश्न वेगाचा नसून वेळेचा आहे. तबलजीचा हात कितीही तयार असू द्या, समेवर एक मात्रा उशिरा आला की बैठकीत सगळ्यांना कळतं. साउंड कार्डाचंही तसंच आहे. मिंट २२ मध्ये आवाजाचा सगळा कारभार पाइपवायर बघतं. त्याची नेहमीची मांडणी म्हणजे एका फेरीला १,०२४ नमुने आणि सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे एक फेरी २१.३ मिलिसेकंदांची. दर २१ मिलिसेकंदांनी पुढचा घास तयार असायलाच हवा. प्रोसेसर त्या क्षणी दुसऱ्या कशात अडकला, वाय-फायच्या ड्रायव्हरने त्याला धरून ठेवलं किंवा यूएसबीचा मार्ग तुंबला, की घास चुकतो. हाच तुमचा ‘टक्’. त्याला एक्सरन म्हणतात.

आणि हा घास डिस्कवरून येतच नाही. प्लेअर फाइलचा तुकडा वाचतो, तो रॅममध्ये येतो. उलगडतो, तेही रॅममध्ये. बफरमध्ये ठेवतो, तोही रॅममधलाच. तिथून तो यूएसबीच्या कंट्रोलरकडे आणि पुढे डॅककडे जातो. सगळे प्लेअर आधीच थोडा साठा करून ठेवतात. उदाहरणार्थ, एमपीडी हा प्लेअर मुळात ४ एमबीचा उलगडलेला आवाज साठवतो, म्हणजे सीडीच्या दर्जाचे जवळपास २४ सेकंद. शिवाय लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, एकदा वाचलेली फाइल रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतो, पुन्हा मागितली तर तिथूनच देतो. याला पेज कॅश म्हणतात. टर्मिनलमध्ये ‘फ्री -एच’ चालवा. ‘बफ/कॅश’ या रकान्यातला आकडा बऱ्याच अंशी तीच. म्हणजे एक आपोआप चालणारी रॅम डिस्क तुमच्याकडे आत्ताही आहे. नळाला पाणी सकाळी तासभर येतं तरी घरात दिवसभर पाणी असतं, कारण गच्चीवर टाकी आहे. स्वयंपाकघरातला नळ फुरफुरतोय म्हणून गच्चीवर दुसरी टाकी चढवायची का, हा तुमचा प्रश्न आहे.

मी रॅम डिस्कचा सगळ्यात जास्त उपयोग करते तो निदानासाठी. तुमच्या मशीनवर एक रॅम डिस्क तयारच असते: ‘/डेव्ह/एसएचएम’ नावाचा फोल्डर. तो टीएमपीएफएस प्रकारचा, म्हणजे फाइल्स रॅममध्येच ठेवणारा, असतो आणि रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकतो, तुमच्याकडे साधारण २ जीबी. त्यात लिहायला रूटचा (प्रशासकाचा) पासवर्डही लागत नाही. ज्यात टक् नक्की येतो असं एक रेकॉर्डिंग निवडा. विलंबित आलाप घ्या. तानपुऱ्याच्या आसेमागे टक् लपत नाही, द्रुत तबल्यात तो हरवतो. ती फाइल त्या फोल्डरमध्ये कॉपी करा, हार्ड डिस्क रीतसर अनमाउंट करून केबल काढून टाका आणि ऐका. केबल काढायला विसरू नका, कारण खरी कसोटी तिथेच आहे.

टक् गेला नाही, तर डिस्क निर्दोष सुटली. मग जगातली कुठलीही रॅम डिस्क उपयोगाची नाही. टक् गेला, तरी लगेच निष्कर्ष काढू नका. आता डिस्क लावा, पण गाणं रॅममधूनच वाजवा, आणि त्याच वेळी डिस्कवरून दुसरी एखादी मोठी फाइल कॉपी करत ठेवा. टक् परत आला तर गुन्हेगार डिस्क नाही, यूएसबीचा मार्ग आहे. डॅक आणि डिस्क बहुधा एकाच हबवर बसलेत. ‘एलएसयूएसबी -टी’ ही आज्ञा झाडासारखी आकृती दाखवते, त्यात दोघं एकाच फांदीवर दिसतात का बघा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये डावीकडचे आणि उजवीकडचे पोर्ट वेगळ्या मार्गांवर असतात. डॅक नुसता दुसऱ्या बाजूला लावून प्रश्न सुटल्याचं मी किमान चार ठिकाणी पाहिलंय. जुन्या रास्पबेरी पायवर, म्हणजे तिसऱ्या पिढीपर्यंत, यूएसबी आणि नेटवर्क केबल दोन्ही एकाच अरुंद बोळातून जायचे. २०१९ च्या चौथ्या पायमध्ये ते वेगळे झाले. म्हणून त्या काळातले सल्ले आज जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

हे करताना दुसऱ्या खिडकीत ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालू ठेवा. त्यात ‘ईआरआर’ नावाचा रकाना आहे. टक् ऐकू आला त्याच क्षणी तो आकडा वाढला, तर घास वेळेवर पोचला नाही. म्हणजे दोष प्रोसेसर, ड्रायव्हर किंवा यूएसबीकडे. गाणं सेकंदभर थांबलं पण आकडा हलला नाही, तर माझा अनुभव असा की प्लेअरचाच साठा संपलेला असतो, आणि तेव्हा कुठे डिस्ककडे किंवा रॅमच्या टंचाईकडे बघायचं. तुम्ही कुठला प्लेअर वापरता ते लिहिलेलं नाही, त्यामुळे इथे नेमकं सांगता येत नाही. साठा किती ठेवायचा हे प्रत्येक प्लेअर स्वतःचं ठरवतो.

नुसता टक् असेल तर मी या क्रमाने जाते. पहिलं, फेरी मोठी करा. तुम्ही ऐकताय, रेकॉर्डिंग करत नाही; आवाज ४० मिलिसेकंद उशिरा आला तर तुमचं काय बिघडतं? ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा’ या आज्ञेने ‘सेटिंग्ज’मधल्या ‘क्लॉक.फोर्स-क्वांटम’ला २०४८ ही किंमत द्या. फेरी दुप्पट, म्हणजे ४२.७ मिलिसेकंदांची होते. शून्य दिलं की पूर्ववत. निम्म्या लोकांचा टक् इथेच थांबतो आणि बिचारी रॅम डिस्क न बनताच राहते. दुसरं, दहा मिनिटं वाय-फाय बंद करून ऐका. तिसरं, पॉवर मोड ‘परफॉर्मन्स’वर टाका. जुने प्रोसेसर वीज वाचवायला वेग उतरवतात आणि परत चढवताना रेंगाळतात. चौथं म्हणजे ब्राउझर बंद करून बघा. ४ जीबीच्या मशीनवर हे चौथं पहिलं असायला हरकत नव्हती.

कारण तुमच्या बाबतीत मला खरी शंका तीच आहे. ४ जीबीमध्ये डेस्कटॉप, ब्राउझरचे आठ-दहा टॅब आणि वर प्लेअर. रॅम भरली की कर्नल कमी वापरातली पानं (रॅमचे छोटे तुकडे) स्वॅपमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर ढकलतो. प्लेअरचीच पानं तिकडे गेली तर ती परत येईपर्यंत गाणं थांबणारच. अशा मशीनवर १ जीबीची रॅम डिस्क करणं म्हणजे दोन खोल्यांच्या घरात पाहुण्यांना थांबवून घ्यायचं आणि मग जागा नाही म्हणून घरच्यांनाच जिन्यात झोपवायचं. त्यात गंमत अशी, की टीएमपीएफएसमधल्या फाइल्ससुद्धा स्वॅपमध्ये जाऊ शकतात. म्हणजे गाणं बाहेरच्या डिस्कवरून रॅममध्ये आणि तिथून चुपचाप आतल्या डिस्कवर! तुम्ही समजताय रॅममधून वाजतंय. कर्नल ६.४ पासून टीएमपीएफएसला ‘नोस्वॅप’ हा पर्याय मिळालाय, मिंट २२ चा कर्नल त्याहून नवा आहे. पण ४ जीबीत तो वापरला तर रॅम खरोखर संपेल आणि कर्नल एखादा प्रोग्रॅमच बंद पाडेल. रॅमएफएस हा रॅम डिस्कचा जुना प्रकार त्याहून धोक्याचा, त्याला आकाराची मर्यादाच नाही. तो नवख्याने वापरू नये.

आता रॅम डिस्कची बाजू घेते, कारण मी स्वतः ती प्रत्येक प्रयोगाला वापरते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दौऱ्यावरचा प्रयोग, सगळे क्यू बाहेरच्या हार्ड डिस्कवर. दुसऱ्या अंकात एक मोठा प्रवेश आहे, वीस मिनिटं एकही ध्वनी नाही, आणि शेवटी लांबून आगगाडीची शिट्टी. मी बटण दाबलं आणि काहीच नाही. डिस्क आपली आपणच झोपली होती. ती जागी होऊन फिरायला लागेपर्यंत सहा-सात सेकंद गेले. रंगमंचावर ते किती लांब असतात, हे त्या नटाला विचारा. बिचारा खिडकीबाहेर बघत उभा राहिला आणि मग शिट्टी आली. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला, पडदा पडल्यावर मला काय ऐकावं लागलं ते वेगळं.

त्यानंतर मी हुशारी केली. दर मिनिटाला डिस्कवरची एक छोटी फाइल वाचणारी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे डिस्क झोपणार नाही. पुढच्या तालमीत डिस्क पुन्हा झोपली. का? कारण ती फाइल पहिल्या वाचनानंतर पेज कॅशमध्ये गेली, पुढची सगळी वाचनं रॅममधून झाली, डिस्कला कुणी हातही लावला नाही. वाचण्याऐवजी काहीतरी लिहून ‘सिंक’ करावं लागतं, म्हणजे ते लगेच डिस्कवर उतरवावं लागतं, तेव्हा ती जागी राहते. ‘एचडीपार्म -एस ०’ (एस मोठ्या लिपीतला, कॅपिटल) या आज्ञेने झोप बंद करता येते, पण यूएसबीच्या काही डब्या ती आज्ञा डिस्कपर्यंत पोचूच देत नाहीत.

तेव्हापासून दुसऱ्या घंटेच्या आत सगळे क्यू रॅममध्ये गेलेले असतात. ६००-७०० एमबीची वेव्ह फाइल्सची थैली, माझ्या १६ जीबीच्या मशीनवर काहीच नाही. आता लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, झोपणारी डिस्क उरलेली नाही, तरी सवय ठेवली आहे. त्याचं कारण पेनड्राइव्ह. ऐनवेळी दिग्दर्शक ‘हा नवा क्यू घे’ म्हणून पेनड्राइव्ह हातात देतो, आणि दहा मिनिटांनी दुसरं कुणीतरी ‘हा माझा आहे ना?’ म्हणून उपटून नेतं. रॅममध्ये घेतलं की उपटू दे.

असाच फायदा गाणी वाय-फायवरून, घरातल्या सर्व्हरवरून येत असतील तेव्हाही होतो. तिथे मध्येच दोन-चार सेकंद काहीच न येणं अगदी नेहमीचं आहे. तुमची सेकंदभराची खोट गाणं संपून पुढचं सुरू होताना येत असेल, तर झोपाळू डिस्कचा संशय मलाही येईल. गाण्याच्या मधोमध येत असेल तर कमी.

तर करायची कशी. एक रिकामा फोल्डर बनवा, समजा ‘/एमएनटी/गाणी’. रूट म्हणून ‘माउंट’ आज्ञेला प्रकार टीएमपीएफएस, पर्यायात ‘साइज’ ७०० एमबी आणि तो फोल्डर, एवढं सांगितलं की झालं. दर वेळी आपोआप हवी असेल तर हेच ‘एफएसटॅब’मध्ये, म्हणजे सुरू होताना काय काय जोडायचं त्या यादीच्या फाइलमध्ये, एका ओळीत लिहायचं. तासाभराचा राग सीडीच्या दर्जात, न दाबता, सुमारे ६३५ एमबी आणि फ्लॅकमध्ये साधारण त्याच्या निम्मा. म्हणजे ७०० एमबीत दोन रेकॉर्डिंग्ज आरामात मावतात. सगळा संग्रह कोंबायचा नाही, आज ऐकायचं तेवढंच. प्लेअरमध्ये मूळ संग्रहाऐवजी या फोल्डरमधून वाजवा.

एक सावधगिरी. वीज गेली किंवा मशीन बंद झालं की आतलं सगळं गेलं. गाण्यांची चिंता नाही, मूळ प्रत डिस्कवर आहे. पण मी एकदा क्यूंची यादी आणि आवाजाच्या पातळ्यासुद्धा रॅममध्येच ठेवून तालमीत बदलत बसले होते. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, आणि तासाभराने हॉलची लाइट गेली. त्या पातळ्या दुसऱ्या दिवशी पुन्हा कानाने लावल्या. म्हणून जे वाजवायचं ते रॅममध्ये, जे बदलायचं ते डिस्कवर.

खरं सांगायचं तर तुमच्या जागी मी हेही करणार नाही. एमपीडी ०.२२ पासून त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘इनपुट_कॅश’ नावाचा विभाग देता येतो. आकार सांगितला की तो रांगेतली पुढची गाणी आधीच रॅममध्ये ओढून ठेवतो. कॉपी नको, माउंट नको, साफसफाई नको. एमपीव्ही हा प्लेअर वापरत असाल तर त्यात स्थानिक फाइल्ससाठी कॅश चालू करता येते. आणि अगदीच साधा उपाय म्हणजे गाणं लावण्याआधी ‘कॅट’ने ती फाइल वाचून ‘/डेव्ह/नल’मध्ये, म्हणजे काहीच न साठवणाऱ्या ठिकाणी, ओतून द्यायची. ती पेज कॅशमध्ये येते आणि रॅमची दुसऱ्या कुणाला गरज पडली तर कर्नल स्वतःच जागा मोकळी करतो. रॅम डिस्क ती समजूत दाखवत नाही. ४ जीबीत हा फरक मोठा आहे.

राहिला ‘आवाज खुलण्या’चा मुद्दा. मूळ फाइल आणि रॅममधली प्रत यांच्यावर ‘एसएचए२५६सम’ ही फाइलचा ठसा काढणारी आज्ञा चालवा, दोन्ही उत्तरं अक्षर न अक्षर सारखी येतील. तेच बिट, त्याच रॅममधून, त्याच यूएसबीने. तुमचा डॅक असिंक्रोनस प्रकारचा असेल, तर नमुने कोणत्या ठोक्यावर बाहेर पडायचे हे त्याच्या आतलं घड्याळ ठरवतं, डिस्क नव्हे. मात्र ज्यांना फरक ऐकू येतो ते सगळे भ्रमात आहेत, असंही मी म्हणणार नाही. फिरत्या डिस्कची घरघर खोलीत असते, ती बंद झाली की आलाप खरंच जास्त शांत वाटतो. यूएसबीवर वीज ओढणारी डिस्क स्वस्त डॅकमध्ये बारीक कुरकुरही मिसळू शकते. पण हे श्रेय केबल काढण्याचं आहे, रॅमचं नाही. आवाजाच्या शुद्धतेचीच काळजी असेल तर दुसरीकडे बघा: पाइपवायर मुळात सगळं ४८,००० वर नेऊन वाजवतं, आणि तुमची सीडीवरून घेतलेली रेकॉर्डिंग्ज ४४,१०० ची आहेत. ‘अलाउड-रेट्स’ या सेटिंगमध्ये दोन्ही दर लिहिले की दुसरं काही वाजत नसताना ते दर बदलून घेतं आणि रूपांतर टळतं. फरक ऐकू येईल असं वचन देत नाही, पण निदान इथे बिट खरोखर बदलतात.

अजून एक, कारण यावरही लोक रॅम डिस्क उगाळून लावतात: गाण्याचा अगदी पहिला स्वर गिळला जातो. वापर नसला की आवाजाचं उपकरण पाचेक सेकंदांत झोपवलं जातं आणि काही डॅक जागे व्हायला वेळ घेतात. पाइपवायरसाठी उपकरणं सांभाळणाऱ्या वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये ती मुदत शून्य केली की उपकरण झोपत नाही. मी प्रयोगात आणखी गावठी उपाय करते, पूर्ण शांततेची एक फाइल सतत वाजवत ठेवते.

तेव्हा आज रात्री ब्राउझर बंद करून एकच आलाप तीनदा ऐका: एकदा डिस्कवरून, एकदा ‘/डेव्ह/एसएचएम’मधून डिस्क काढून, आणि एकदा फेरी २०४८ करून. तिन्ही वेळा ‘ईआरआर’ किती वाढला, आणि खोट गाण्याच्या मधे येते की दोन गाण्यांच्या मधे, तेवढं लिहून कळवा. प्लेअरचं नावही सांगा. मग ७०० एमबी कुठे खर्च करायचे ते ठरवू.